टाकी जिवंत आहे तोवर

सोसायटीच्या गेटवर मी नाव सांगते, फ्लॅट नंबर सांगते, हातातल्या बादल्या, नळ्या, ब्रश सगळं समोर दिसत असतं. तरी वॉचमन इंटरकॉम उचलून वर कळवतो, ‘मॅडम, मच्छीवाली आयी है.’ एकदा वरून उत्तर आलं, आज गुरुवार आहे, आज नको म्हणून सांग. त्या घरी मी नेमानं जात होते. फोन तिथल्या सासूबाईंनी उचलला होता, त्यांचं तरी काय चुकलं? मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्याला पुन्हा इंटरकॉम लावायला लावला.

तर मी मासे विकत नाही, मासे जगवते. बेलापूर, नेरूळ, खारघर, ऐरोली इकडच्या फ्लॅटमध्ये ज्यांनी हौसेनं खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे, त्यांच्या घरी जाऊन ती सांभाळायची, हा माझा धंदा. गोड्या पाण्यातले गोल्डफिश वेगळे, ते बिचारे कसेही जगतात. खाऱ्या टाकीत समुद्राचा एक तुकडा काचेत बसवलेला असतो. जिवंत दगड, थोडी प्रवाळं, दोन-तीन मासे, आणि मालकाची हौस दांडगी असेल तर समुद्रफूल. हे समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, चक्क प्राणी. खालच्या पायानं दगडाला चिकटून बसतो आणि वर बोटांसारखे मऊ तंतू हलवत राहतो. त्या तंतूंना विषारी डंख असतो, भलता मासा शिवला तर संपलाच. पण क्लाउनफिश, तो नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा, सिनेमामुळे घरोघरच्या पोरांना माहीत झालेला, तो त्याच तंतूंमध्ये घर करून राहतो. त्याला डंख लागत नाही. तो फुलाला खाणं आणून देतो, फुलाच्या जवळ कोणी आलं तर अंगावर धावून जातो. माझ्या बोटांना तो कितीदा चावला असेल, गणती नाही. एवढासा जीव, पण मिजास बघावी!

खरं सांगायचं तर माझा स्वभाव या कामाला अजिबात साजेसा नाही. मला थांबणं जमत नाही. चहा उकळेपर्यंत मी ओटा पुसून घेते. लिफ्ट वेळ लावायला लागली की बादल्यांसकट जिना धरते. पूर्वी ऐरोलीला एका कंपनीत बॅकऑफिसला होते. दिवसभर खुर्चीत बसून पाय शिवशिवायचे, म्हणून तर ते सोडून इकडे आले. आणि इकडे सगळं काम थांबण्याचं! टाकी भरली की कित्येक महिने नुसतं पाणी मुरू द्यायचं. मग कुठे फूल आणायचं. फूल आणलं की त्याला जागा आपण द्यायची नाही, ते स्वतः हळूहळू सरकत जाऊन पसंत पडेल तिथं बसतं. मालकाला ते समोर मधोमध हवं असतं, आणि फूल जाऊन बसतं मागच्या कोपऱ्यात. ओढून आणायचं म्हटलं तर पाय फाटतो आणि फूल मरतं. हे मी लोकांना शांतपणे समजावून सांगते आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर दात-ओठ खाते.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी साताऱ्याकडची, लग्नाआधी समुद्र पाहिलेला नव्हता. माशांना गोठवलेली कोळंबी लागते, तिच्यासाठी नवऱ्यानं बाल्कनीत वेगळा छोटा फ्रीझर घेऊन दिला. सासूबाई होत्या तोवर त्या फ्रीझरकडे पाठ करूनच कपडे वाळत घालायच्या.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा काय सांगाव्या. वाशीला एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती साध्या, गाळलेल्या गोड्या पाण्याची. मी हे त्यांना सांगितलं होतं. पण समुद्राच्या टाकीत गोडं पाणी ओतायला काकांचा हात धजेना. त्यांना वाटलं, मासे बुचकळ्यात पडतील. ते रोज मायेनं मिठाचं पाणी कालवून भरत राहिले. मी गेले तेव्हा फूल सुकून सुपारीएवढं झालं होतं. काकांचा चेहरा इतका उतरला होता की माझ्या तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं.

ऐरोलीला आयटीतलं एक जोडपं होतं. त्यांनी ‘फॅमिली’ म्हणून सात-आठ क्लाउनफिश एकदम आणले. आठवड्यात मारामाऱ्या. मला बोलावलं, तेव्हा साहेब घरूनच काम करत होते, मीटिंग चालू होती. मी सांगितलं, यात सगळे जन्मतः नरच असतात. त्यातला सगळ्यात दांडगा जो असतो तो मादी होतो, त्याच्या खालोखालचा तिचा नवरा होतो आणि बाकीच्यांना दोघं मिळून बडवतात. साहेबांनी माइक बंद करून मान वळवली. म्हणाले, म्हणजे तो नंतर बाई होतो? मी म्हटलं, हो, आणि घर तीच चालवते. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की यात नवीन काय आहे. जोडी ठेवली, बाकीचे मी घेऊन गेले.

आणि प्रत्येक घरी एक प्रश्न ठरलेला. खाडी एवढी जवळ आहे, मग पाणी तिथूनच का नाही आणत, विकतचं मीठ कशाला? त्यांना म्हणते, एकदा खाडीच्या पुलावर उभं राहून खाली बघा, मग विचारा. हा प्रश्न ज्या एकाच घरात मला कोणी विचारला नाही, त्या घराबद्दल आता सांगायचं आहे. कारण ते लोक खाडीचेच होते.

हरेश न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेन चालवतो. उंच केबिनमध्ये बसून बोटीवरचे कंटेनर उचलायचे, असं जोखमीचं काम. मूळचा खाडीकाठच्या दिवाळे गावचा कोळी. फ्लॅट बेलापुरात, दिवाळ्यापासून इतका जवळ की रिक्षावाले तेवढ्यासाठी यायला तोंड वाकडं करतात. त्याचा पहिला फोन आला तेव्हा मी विचारलं, कोळी माणसाला काचेतले मासे कशाला हवेत? तो म्हणाला, आयसाठी.

आय म्हणजे त्याची आई, हिराबाई. सगळी हयात डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. नवरा गेल्यावर गावातल्या घरात एकटी राहायची. एकदा घरापुढच्या ओट्याच्या पायरीवरून पडली आणि खुबा मोडला. दुपारची वेळ, आजूबाजूच्या बायका बाजाराला गेलेल्या. त्या परत येईपर्यंत म्हातारी तशीच पडून होती. ऑपरेशन झालं, हरेशनं तिला फ्लॅटवर आणलं आणि गावच्या घराला कुलूप घातलं. तेव्हापासून ती रोज सकाळी लुगडं नेसून, पिशवी भरून दाराशी बसायची. मला घरी सोड. हरेश आणि त्याची बायको मनीषा समजूत घालून थकले. इथं वारा येत नाय, दर्या दिसत नाय, एवढंच म्हातारीचं म्हणणं. खिडकीतून दिसायचे ते समोरच्या टॉवरचे बाथरूमचे पाइप.

मग हरेशनं टाकी आणली. ‘घे, दर्या घरात आनला,’ असं तो तिला म्हणाला. म्हातारी बराच वेळ बघत बसली आणि तिनं शब्द दिला, हे जिते आहेत तोवर राहीन, मेले की मी चालले. हरेशला वाटलं, सुटलो. पण दुकानदारानं टाकी भरून दिली आणि हात झटकले. पंधरा दिवसांत पाणी गढूळ झालं, मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, आणि कोणीतरी माझा नंबर दिला.

‘मॅडम, ही टाकी मरता कामा नये,’ त्यानं मला लिफ्टशी गाठून सांगितलं. ‘टाकी मेली तर आय गावाला जाणार, शब्दाची पक्की आहे. आणि तिथं परत पडली तर मला कळणार पण नाही.’

आता बघा, एरवी टाकी मेली तर लोक हळहळतात, चार दिवसांनी तिथं टीव्ही ठेवतात. इथं दोन माशांवर एका बाईचं राहणं-जाणं टांगलेलं होतं. माझा जीव टांगणीला लागला. बाकीच्या घरी मी पंधरवड्यानं जायचे, इथं मधेच कधीही जाऊन धडकायचे. दुसऱ्याच्या टाकीत हात असताना मला वाटायचं, हरेशकडचा पंप बंद तर पडला नसेल? मी ओल्या हातानं मनीषाला फोन लावायचे. ती बिचारी काचेला कान लावून सांगायची, घुर्र आवाज येतोय.

टाकी सुधारली. काही महिन्यांत पाणी स्थिर झालं, मग मी मुद्दाम निवडून एक चांगलं गुलाबीसर फूल आणलं आणि क्लाउनफिशची जोडी त्यात राहायला गेली. म्हातारी समोर खुर्ची टाकून बसलेली असायची. मी आत शिरले की म्हणायची, ‘बाय, बस जरा. कवापासून बघते, तुजा पाय ठरत नाय.’ माझी खोडी काढण्यात तिला मजा यायची. देशावरची बामनीण मासं पाळते, हे तिनं फोनवर आपल्या मैत्रिणींना इतक्यांदा सांगितलं होतं की दिवाळ्यात मला न बघताच सगळे ओळखत होते. काम झालं की ती विचारायची, कशे हायेत? मी हौसेनं सांगायचे, छान आहेत मावशी, फूल केवढं फुगलंय बघा! ती ‘हां’ म्हणायची आणि तोंड फिरवायची. टाकी बरी असल्याचं ऐकून तिचा चेहरा उतरतो, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. आणि लक्षात आल्यावर मला त्या घरात सुखानं काम करता येईना. मी जितकं चांगलं काम करणार, तितकी ती इथं अडकणार. हे काय त्रांगडं!

नारळी पुनवेला हरेशनं तिला दिवाळ्याच्या धक्क्यावर न्यायचं कबूल केलं होतं. तिनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. पण बंदरात बोट लागली, ड्यूटी बदलून मिळेना. सकाळी निघताना तो म्हणाला, आय, टाकी हाय ना, हाच आपला दर्या, इथंच नारळ वाहा. एवढं बोलून तो गेला. मनीषा आत नारळीभात करत होती. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि तिनं मला फोन केला. मॅडम, लवकर या, इतकंच बोलली.

मी खारघरला होते. कोपरापर्यंत ओले हात तसेच पुसून निघाले. दार उघडलं तर टाकीतलं पाणी केशरी झालेलं. हळदीकुंकू लावलेला नारळ वर तरंगतोय, झेंडूच्या पाकळ्या गाळणीत अडकल्यात, दिव्यातलं तेल पाण्यावर पसरलंय. क्लाउनफिशची मादी वेड्यासारखी त्या नारळावर धावून जात होती, चावत होती, मागे फिरत होती, पुन्हा धावत होती. फूल मिटून, पाय सोडून दगडावरून घरंगळलं होतं आणि लाटा करणाऱ्या पंपाकडे ओढलं जात होतं. त्या पंपात फूल गेलं की त्याचे तुकडे होतात, त्याचं विष पाण्यात उतरतं आणि टाकीत काही म्हणता काही उरत नाही. मी चपलांसकट आत धावले आणि पंपाची पिन उपटली.

मग माझं डोकं फिरलं. कोणी केलं हे, म्हणून मी ओरडले. मनीषा फरशीकडे बघत राहिली. म्हातारी नवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून खुर्चीत बसली होती. तिला बघून मी कामाला लागले.

नारळ काढला, तेल कागदानं टिपून घेतलं, रंग शोषायला कोळशाच्या पिशव्या सोडल्या. घरी मी खारं पाणी नेहमी तयार ठेवते, नवऱ्याला फोन करून सगळे कॅन मागवले. एका बाजूनं घाण पाणी काढायचं, दुसरीकडून चांगलं सोडायचं, पण तेही हळूहळू, नाहीतर मासे त्या धक्क्यानं जातात. मला हळूहळू करताना किती त्रास होतो ते मी सांगितलंच आहे. बादली भरेपर्यंत मी त्या हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते.

तेवढ्यात हरेश आला. कोणाच्या तरी हातापाया पडून सुटून आला असावा, अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट तसंच होतं. त्यानं टाकी बघितली आणि आईकडे वळला.

‘आय, काय केलास गो?’

‘तू बोललास, हाच दर्या हाय.’

‘अगं पण आय...’

‘दर्या नारलानी मरत नाय, हरेश,’ म्हातारी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. हरेश भिंतीला टेकून खाली बसला. मी नळी धरून उभी होते, पाणी बादलीतून वाहून फरशीवर आलं तरी कोणाचं लक्ष गेलं नाही.

पुढचे दिवस मी रोज गेले. मासे तगले, पण फूल दगडामागं जाऊन लिंबाएवढं होऊन बसलं. मेलेल्या फुलाला असह्य घाण येते, त्यावरून कळतं. मी रोज पाण्याला नाक लावून वास घ्यायचे. एकदा म्हातारी एकटीच होती, तेव्हा मी विचारलंच, मावशी, खरं सांगा, मुद्दाम केलंत? तिनं राग धरला नाही. म्हणाली, ‘नारल मनापासून वाहला. मासं मारायला नाय वाहला. पन मेलं असतं त मी रडली नसती.’ मला तिचं पटलं. माझी सगळी मेहनत पाण्यात घातली असती बाईनं, तरी पटलं.

आणि फूल जगलं. एका सकाळी गेले तर ते दगडाच्या पुढे येऊन भरभरून उघडलं होतं, आणि मादी त्यात लोळत होती. मी आनंदानं ओरडले. हरेश आतून धावत आला, त्याचा चेहरा उजळला. ‘बघ आय, जगलं! आता राहशील ना?’ म्हातारीनं फुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘तुज्या हाताला यश हाय, बाय,’ म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. लोकांनी माझ्या कामाची तारीफ खूप केली आहे. त्या दिवशी मला माझ्या हातांची लाज वाटली.

मला काही राहवलं नाही. जाताना हरेशला लिफ्टपाशी गाठलं आणि म्हटलं, टाकी दिवाळ्याला नेऊ या. आईनं टाकी जिवंत असेपर्यंत टाकीपाशी राहायचं कबूल केलंय ना, मग टाकीच नेऊ. त्याचा पारा चढला. ‘आणि पडली तर? मी क्रेनवर असतो. खालून कोण ओरडलं तर ऐकू येत नाही मला तिथं. मागच्या वेळी ती दुपारभर पडून होती, मॅडम. दुपारभर. तुम्ही मासे बघा, आयचं आम्ही बघू.’ मी माझ्या बादल्या उचलल्या आणि खाली उतरले. तो चुकीचं काही बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. पण चैन कुठली पडतेय! स्कूटर बेलापूरच्या रस्त्याला लागली की आपोआप हळू व्हायची. नवरा म्हणाला, तू मासे सांभाळतेस की माणसं? मी त्याच्यावर उगाच खेकसले.

गणपती झाले, आणि हरेशचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, एकदम विचारलं, टाकी हलवायला किती माणसं लागतील? त्यानं तोवर गावच्या घरात काम काढलं होतं. ओट्याच्या पायऱ्या मोडून उतार केला होता, भिंतीला धरायला पाइप बसवले होते, संडास घरात आणला होता. एक चुलत बहीण सोबतीला झोपायला येणार होती. दिवसा मात्र म्हातारी एकटीच असणार होती. त्याला ते अजून पटलेलं नव्हतं. पण फूल परत उघडलं त्या दिवसापासून आय पिशवी भरत नाही, काही मागत नाही, नुसती बसून राहते, असं तो म्हणाला.

फूल ज्या दगडाला चिकटलं होतं तो अख्खा दगडच मी बादलीत घेतला. मासे वेगळ्या बादलीत, झाकण लावून, मांडीवर. टेंपो दिवाळ्यात शिरला तर बायका सुकत घातलेली मासळी टाकून बघायला गोळा झाल्या. एकीनं झाकण उचलून आत डोकावलं आणि विचारलं, ह्याला चव कशी असते? मी म्हटलं, आम्ही खात नाही. ती म्हणाली, खायला नाय, आनि एवरा थाट? सगळ्या हसल्या. म्हातारी टेंपोतून उतरली, काठी टेकत उतारावरून ओट्यावर चढली आणि खाडीकडे तोंड करून बसली. मी आत दिवसभर पाणी भरत होते, तिनं एकदाही मान वळवून टाकीकडे बघितलं नाही.

इन्व्हर्टर बसवला, पंखे लावले. गावठाणात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे माझ्या डोक्याला नवा ताप. आणि आय टाकीला हात लावायला तयार नाही. मी मासळी विकली, पाळली नाही, म्हणाली. खाणं घालणार नाही, पाणी भरणार नाही, झाकण उघडणार नाही. मनीषाची नोकरी, चुलत बहीण माशांना घाबरते. राहिला हरेश. तो बंदरातून सुटला की आधी दिवाळ्यात येतो, जाकीट खुंटीला लावतो, माशांना चिमूटभर खाणं घालतो, गोडं पाणी ओततो, काच पुसतो. मग ओट्यावर आईशेजारी बसून भाकरी खातो. रविवारी मनीषाही येते. तो जरा जास्तच खाणं घालतो, त्यावरून मी त्याला झापते. कबूल करतो आणि पुन्हा तेच करतो.

परवा, ऐन उन्हाळ्यात, मी गेले तर फूल आकसलेलं. लाइट बराच वेळ गेली होती, पाणी तापलं होतं. मी बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पंखे वाढवले, आणि तोंडानं बडबड चालूच होती, की आता याचं काही खरं नाही, म्हातारं झालंय, या उकाड्यात टिकतंय की नाही कोण जाणे. म्हातारी ओट्यावर होती. मला वाटलं, तिचं लक्ष नाही. तर काठीचा आवाज आला आणि ती आत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. या घरात टाकीजवळ ती पहिल्यांदाच आली.

‘काय लागल त्ये आन, बाय. पन मरू देव नको.’

मला हसू आलं. म्हटलं, मावशी, तुम्ही तर आता घरी आलात. आता हे राहिले काय, गेले काय, तुम्हाला कोण हलवणार आहे?

तिनं दाराकडे बघितलं. हरेशची यायची वेळ झाली होती. मग माझं मनगट धरलं, माशांच्या बाजारात उभं आयुष्य गेलेल्या बाईची ती पकड होती, आणि हळू आवाजात म्हणाली,

‘ह्ये हायेत म्हनून तो रोज येतो गो.’

मी बर्फाची बाटली बदलली. पंपाला हात लावून पाहिला, चालू होता. बादल्या गोळा केल्या, चपला घातल्या, स्कूटरपर्यंत गेले, आणि परत आत येऊन पुन्हा एकदा हात लावून पाहिला.